गोगलगाईंना जेवू कोण घालतं?

आमच्या गल्लीत चेऊ रुमसिहला पाठीमागे सगळे ‘का-बाई’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होत नाही, कारण म्हटलं तर ती लगेच विचारणार, "का म्हणता?" आणि मग पुढचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

चेऊ म्हणजे आमच्या बोलीत ताई. माझी ती सख्खी बहीण नव्हे, समोरच्या घरात राहते एवढंच. पण जावा बेटावरच्या आमच्या बोगोरच्या या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरच्या घरात मिरची परतली तर ठसका आपल्याला लागतो. माझं शिवणाचं मशीन खिडकीशी आणि तिची खिडकी बरोबर समोर. मी लग्न होऊन इथे आले, त्याच आठवड्यात ती माझ्या मशीनपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "नेंग, हातशिलाईच्या सुईला भोक मागे असतं. मशीनच्या सुईला टोकाशी का?"

नेंग म्हणजे धाकटी. मला आजही ती तशीच हाक मारते. लहानपणापासून मी मशीन चालवत होते, पण हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. "असतं तसं," मी म्हणाले. तिला ते पटणार कसलं! आम्ही दोघींनी मशीनचं खालचं झाकण उघडलं, चाक हळूहळू हाताने फिरवलं आणि खालचा धागा वरच्या धाग्याला कसा पकडतो ते डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे ती उठून गेली. त्या दिवशी एकीचा झंपर शिवायचा राहिला आणि मला बोलणी खावी लागली. पण तेव्हापासून आमची मैत्री जमली ती जमलीच.

चेऊ गल्लीच्या तोंडाशी लोंतोंग विकते. केळीच्या पानात उकडलेल्या भाताच्या वळकट्या कापून वर शेंगदाण्याचा रस्सा घालायचा आणि सोबत केरुपुक, म्हणजे पापडासारखा तळलेला कुरकुरीत तुकडा द्यायचा. आमच्याकडे केरुपुकाशिवाय घास उतरत नाही. पहाटे टोपली घेऊन ती बसते, ऊन चढायच्या आत माल संपतो, मग ती तशीच बाजारात जाते आणि दुपारच्या नमाजाच्या सुमाराला घरी येते.

तिचे यजमान कांग एन्दिन; कांग म्हणजे दादा, नवऱ्यालाही आमच्याकडे तशीच हाक मारतात. सगळा जन्म त्यांनी चियावीच्या रस्त्यावर हिरवी आंगकोट चालवली, म्हणजे माणसं कोंबून नेणारी छोटी गाडी. उंच, रुंद खांद्यांचे, आवाज असा की बारानांगसियांगच्या स्टँडवरून ओरडले तर सुकासारीचा माणूस चप्पल घालून निघेल, असं लोक म्हणायचे. एका दुपारी गाडी लावून ते चहाच्या टपरीवर बसले आणि उठताच येईना. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून आले ते वेताच्या खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. गाडी धाकट्या भावाने, ओदिंगने, चालवायला घेतली.

डॉक्टर म्हणाले होते की पाय मेलेला नाही, चालवला तर चालेल. आरोग्य केंद्रातली नर्स आठवड्याला यायची. ती आली की आम्हीही दोघीचौघी जमायचो. कांग एन्दिनना धरून उभं करायचं, त्यांनी एक पाऊल टाकलं की नर्स टाळ्या वाजवायची आणि आम्हीही वाजवायचो. "शाब्बास, काका, शाब्बास." रांगणारं मूल पहिल्यांदा उभं राहिलं की करतात तसं. त्यांचा चेहरा लाकडासारखा व्हायचा. दुसरं पाऊल काही पडायचं नाही. पुढे पुढे तर नर्सची चप्पल दारात वाजली की ते डोळे मिटून घ्यायचे. बोलणंही तसंच. शब्द तोंडात घोळायचे, समोरचा "हां हां, कळलं" म्हणून मान हलवायचा, आणि त्याला काही कळलेलं नाही हे त्यांना कळायचं. मग त्यांनी बोलणंच सोडलं. न्हाणीपर्यंत चेऊच्या खांद्यावर हात ठेवून जायचे आणि परत यायचे. बाकी दिवसभर खुर्ची, हाताशी केरुपुकाचा पत्र्याचा डबा आणि समोरची भिंत.

त्या भिंतीशी फिशटँक होता. तो त्यांच्या मुलाचा, हेरलानचा. बाताम बेटावर जहाजाच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली आणि टँक आईच्या गळ्यात पडला. जाण्याआधी त्याने टँक पुसून लख्ख केला, वाळूत ताजी पाणवनस्पती लावली आणि आईला बजावलं, "दिवसातून एकदा चिमूटभर खाणं. आणखी काही करायचं नाही."

"काही म्हणजे काय काय?" चेऊने विचारलं.

"आई, काहीही नाही."

तो गेल्यावर काही दिवसांनी एका पानाच्या मागे चेऊला जेलीचा बारीक थेंब दिसला. आत टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. तिने मला हाक मारून नेलं. आम्ही दोघी काचेला नाक लावून बसलो. "हे काय असेल गं?" ती म्हणाली. मी म्हणाले, "घाण असेल, काढून टाक." पण तिने काढलं नाही. काढलं असतं तर ते काय आहे ते कळलं नसतं. थोड्याच दिवसांत ठिपके हलायला लागले आणि एके सकाळी काचेवर मोहरीएवढी गोगलगाय चालताना दिसली. चेऊला केवढा आनंद. काचेच्या या बाजूने तिचं तोंड दिसायचं. उघडतं, मिटतं, काच चाटतं, पुढे सरकतं. गिऱ्हाइकांनासुद्धा ती सांगायची, "माझ्याकडे एक आहे, दिवसभर जेवते."

एकीच्या चार झाल्या, चारांच्या किती झाल्या ते कळलंच नाही. महिन्याभरात काच दिसेनाशी झाली. पानांवर, वाळूवर, पाण्याच्या नळीवर, माशांच्या डोक्यावरसुद्धा बसतील की काय अशी गत. पाणी गढूळ दिसायला लागलं. सकाळी चेऊ वाडगाभर वेचून काढायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच.

गल्लीत प्रत्येकाकडे उपाय होता. माझ्या नवऱ्याने सांगितलं, मूठभर मीठ टाका. मशिदीसमोरचा टायरवाला म्हणाला, चुना. ओदिंग जेवायला आला होता, तो म्हणाला, "वहिनी, हळद आणि गवती चहा घालून शिजव की. शेतातल्या गोगलगाई आपण चोखून खातोच ना."

"शिजवीन की," चेऊ म्हणाली. "तुला एकेक मोहरी चोखत बसायला दिवस पुरेल का तेवढं सांग."

कुणाचंच न ऐकता ती मासेवाल्याकडे गेली. मासेवाला म्हणजे कोह सियोंग, सुर्याकेंचाना रस्त्याच्या मागच्या बोळात त्याचं दुकान. त्या बाजूला चिनी वस्ती आहे. थोरल्या भावाला ते कोह म्हणतात, आणि हा म्हातारा सगळ्या गावाचाच कोह झालाय. मीही बरोबर होते, मला धागे घ्यायचे होते.

"गोगलगाई मारायचं औषध आहे माझ्याकडे," कोह म्हणाला, "पण मी देणार नाही."

"का?"

"एकदम सगळ्या मरतील. मेल्या की वाळूत कुजतील. कुजल्या की मासे मरतील. मग तू येऊन मला विचारशील, का मेले."

"विचारीनच," चेऊ म्हणाली. "बरं, पण पानामागून एकच निघाली होती. तिला नवरा कुठे भेटला?"

कोह हसला. "यांना नवरा लागत नाही. तीच आई, तीच बाप."

चेऊने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस, नेंग? किती कटकट वाचली."

कोहने मग एका काचेच्या भांड्याकडे बोट दाखवलं. आत नुसती वाळू दिसत होती. त्याने आत एक साधी गोगलगाय सोडली. थोडा वेळ काही झालं नाही. मग वाळूतून बारीक सोंड वर आली, इकडे तिकडे फिरली, आणि तिच्यामागून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा लांबट शंख बाहेर पडला. सावकाश, सरळ त्या गोगलगाईकडेच. "ही गोगलगाय गोगलगाय खाते," कोह म्हणाला. "आपल्या सुमात्राच्या नद्यांतली. वासावर जाते." मला धागे घ्यायचे होते ते राहूनच गेले, कारण चेऊ तिथून हलेना. घरी येताना पिशवीत पाणी आणि पट्टेवाल्या सहा-सात गोगलगाई होत्या. नर कुठली नि मादी कुठली हे बाहेरून कळत नाही, म्हणून जास्त घ्याव्या, असं कोहचं म्हणणं.

पट्टेवाल्यांनी काम चोख केलं. रोज रिकामे शंख वाळूवर पडलेले दिसायचे. पण नव्या गोगलगाई त्याहून जास्त. खाणारी तोंडं मोजकी आणि पानावर वाढणारे हात सढळ, असा प्रकार झाला. चेऊ पुन्हा कोहकडे गेली, तेव्हा त्याने तिला उलटाच प्रश्न केला.

"माशांना किती घालतेस?"

"चिमूटभर. पोराने सांगितलं तेवढंच."

"खोटं."

"मी खोटं कशाला बोलू?"

"हे बघ," कोह म्हणाला, "गोगलगाई हवेतून होत नाहीत, खाण्यातून होतात. मासे खाऊन उरेल तेवढ्याच्याच गोगलगाई होतील. तुझ्या एवढ्या असतील, तर एवढं उरतंय. तू घालत नसशील तर दुसरं कुणी घालतंय."

हे ऐकून दुसरी कुणी असती तर वैतागली असती. चेऊ परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. गुंडाळी हाताला लागली होती, तिचं टोक कुठे आहे एवढंच शोधायचं होतं. पहिला संशय माझ्यावर.

"नेंग, रोज सकाळी तू यांना कॉफी द्यायला जातेस. जाता जाता माशांना काही टाकतेस का?"

"मी? मला तुझे मासे डोळ्यांसमोर नकोत. एकाने माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं होतं."

"ते त्याचं तोंडच तसं आहे. खरं सांग."

"टाकत नाही, चेऊ. आईशप्पथ."

दुसरा संशय मांजरावर, पण मांजर खाणं टाकत नाही, पळवतं. तिने माशांच्या खाण्याची डबी फडताळात वर ठेवून दिली. गोगलगाई तशाच. म्हणजे खाणं डबीतलं नव्हतं. मग ती पहाटे टोपली घेऊन निघण्याआधी आणि बाजारातून आल्यावर टँकसमोर वाकून बसायला लागली. कांग एन्दिन खुर्चीतून बघत असायचे. तिने त्यांना विचारलं, "कांग, मी नसताना घरात कोण येतं?"

"को...णी ना...ही," ते म्हणाले. ते खरंच होतं.

मग एक दिवस दुपारी ती माझ्याकडे आली. मी अस्तराचं कापड बेतत होते.

"पाण्यावर तेल आहे," ती म्हणाली.

"कसलं तेल?"

"तवंग. खाली वाकून तिरपं बघितलं की इंद्रधनुष्यासारखा दिसतो. सकाळी नसतो, दुपारी असतो. आणि वाळूवर पांढरे फुगलेले तुकडे. हाताने दाबले तर पीठ होतं." ती माझ्या कापडाच्या ढिगावर बसली. "नेंग, केरुपुक आहे तो."

"डबा तर कांगच्या हाताशी असतो."

"तेच तर. डबा इकडच्या भिंतीला, टँक तिकडच्या. मध्ये आख्खी खोली. केरुपुकाला पाय फुटले का?"  मग म्हणाली, "कॉफी दिल्यावर निघताना तू खिडकीचा पडदा ओढतेस. मी बाजारातून येते तेव्हा तो ओढलेला असतो. का ओढतेस?"

"कांगच खूण करतात. ऊन लागतं म्हणून."

"त्या खिडकीत सकाळचं ऊन येतं?"

मी माझ्या खिडकीतून बाहेर बघितलं. सकाळचं ऊन माझ्या बाजूला असतं. माझ्याच सुईत दोरा ओवायला ते मला लागतं. समोरच्या खिडकीत दुपार कलल्याशिवाय किरण जात नाही. इतके महिने मी तो पडदा ओढत होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉफी दिली, कांगनी खिडकीकडे हनुवटी केली, मी पडदा ओढला. पण चार बोटं फट ठेवली. चेऊ बाजारात गेलीच नव्हती. मागच्या बोळाने येऊन ती माझ्या मशीनच्या आडोशाला स्टुलावर बसली होती. मी खाली जमिनीवर बसून खिडकीच्या कोपऱ्यातून बघत होते. वर डोकं काढलं तर दिसू अशी भीती.

बराच वेळ काही नाही. कॉफी प्यायले, कप ठेवला. मग त्यांनी डाव्या हाताने डबा उघडला, केरुपुक काढला आणि दातात धरला. खुर्चीच्या हातावर भार देऊन ते उठले. एकदा खाली बसले. पुन्हा उठले. खिडकीचे गज धरले, मग टेबलाची कड, मग भिंतीवर पंजा. उजवा पाय फरशीवरून फरफटत यायचा, पण यायचा. टाकायचे, थांबायचे, श्वास घ्यायचे, टाकायचे. चेऊने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दोन दिवस तिथे दुखत होतं. मी तिच्याकडे बघितलं, ती उठून धावेल असं मला वाटलं. ती हलली नाही.

टँकपाशी पोहोचल्यावर त्यांनी कपाळ भिंतीला टेकवलं. मग दातातला केरुपुक डाव्या हाताने काढून उजव्या हातात ठेवला आणि ती बोटं एकेक करून त्याच्याभोवती मिटली. उजव्याच हाताने चुरायचा, असं त्यांनी ठरवलं असावं. कितीतरी वेळ लागला. अर्धा तुकडा खाली पडला. बाकी चुरा पाण्यात पडला तसे मासे वर आले, आणि कांग एन्दिन बोलायला लागले.

पहिल्यांदा आम्हाला कळलंच नाही काय म्हणताहेत. गल्ली शांत होती, खिडक्या उघड्या होत्या. मग ऐकू आलं.

"सुकासारी, ताजूर, चियावी. चियावी, चियावी. जागा आहे, जागा आहे. मागे सरका. ए निळ्या, मागे सरक, बाईंना बसू दे."

एकही शब्द अडखळत नव्हता. तोच स्टँडवरचा सूर, फक्त हळू. आमच्याशी साधं ‘पाणी’ म्हणताना ज्यांची जीभ वळत नव्हती, ते माशांना अख्खा रस्ता म्हणून दाखवत होते. बसथांबे संपले की पुन्हा पहिल्यापासून. केरुपुक संपला तसे ते वळले आणि भिंत, टेबल, गज धरत खुर्चीत येऊन पडले. घाम पुसला. डोळे मिटले.

"मी जाते घरी," मी हळूच म्हणाले, म्हणजे मला म्हणायचं होतं की तू जा घरी. चेऊ म्हणाली, "बाजार राहिलाय," आणि मागच्या बोळाने निघून गेली. बाजारातून आली ती नेहमीच्या वेळेला.

मला वाटलं, आज ती विचारणार. ही बाई प्रश्न पोटात ठेवूच शकत नाही, पचत नाही तिला. पण तिने त्या दिवशी विचारलं नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी केरुपुकाचा डबा भरून ठेवायची आणि निघायची. माझ्याकडे मात्र येऊन बसायची. "लपवतात का, नेंग? माझ्यापासून का? मी काय वाईट केलं?"  तिकडे गोगलगाईंची चंगळ चालली होती. एक दोन मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले, तेव्हा तिच्याने राहवेना. माशांचं काही बरंवाईट झालं तर कांग कुणाशी बोलणार, असं तिच्या मनात आलं असावं.

शुक्रवार होता. पुरुष मशिदीत गेले होते, गल्लीत कुणी नव्हतं. मी त्यांच्याकडे मापाची फीत परत मागायला गेले होते आणि दारातच थांबले.

"कांग," ती भाजी निवडता निवडता म्हणाली, मान वर न करता, "केरुपुकाने पाणी नासतंय. मासे धापा टाकताहेत."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"तुम्ही चालता हे मला ठाऊक आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही. नेंगला ठाऊक आहे, तिला सोडा, ती माझीच आहे. मला एवढंच सांगा, लपवता का?"

 मला वाटलं, आता ते डोळे मिटतील. पण त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि एकेक शब्द ओढून काढला.

"तुम्ही... बघता. मग पाय... विसरतो."

"आम्ही बघतो ते कौतुकाने."

"टाळ्या," ते म्हणाले. तोंड कडू झाल्यासारखं केलं. "मासे... टाळ्या वाजवत नाहीत."

चेऊच्या हातातली पालकाची जुडी तशीच राहिली. मी दारात उभी होते, माझेच दोन्ही हात मला नकोसे झाले. नर्सपेक्षा जोरात टाळ्या वाजवणारी मीच.

"बरं," चेऊ शेवटी म्हणाली. "टाळ्या बंद. पण गोगलगाई तुमच्या. तुम्ही पोसल्यात, तुम्हीच निस्तरा."

कांग एन्दिनच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसले होते. दुखण्यानंतर मी ते पहिल्यांदाच बघत होते.

कोहने मग रीत शिकवली. दुपारच्या जेवणानंतर काकडीची जाड चकती दोऱ्याला बांधून टँकच्या तळाशी सोडायची आणि काचेवर काळं कापड टाकायचं. माझ्याकडचं अस्तर मी दिलं. अंधार झाला असं समजून गोगलगाई काकडीवर गोळा होतात. तासा-दीड तासाने कापड काढायचं आणि चकती झटकन वर ओढायची, म्हणजे शे-पन्नास एकदम हाताला लागतात. काचेवर उरतील त्या बोटांनी वेचायच्या. कांग एन्दिननी ते काम घेतलं. उजव्या हाताची दोन बोटं आधी गोगलगाय पकडायचीच नाहीत, निसटून जायची. मग ते काचेवरच तिला चिरडायचे आणि मासे येऊन मटामट खायचे. तेही चालतं, असं कोहने सांगितलं होतं. हळूहळू बोटांत चिमूट यायला लागली. माशांचं खाणं त्यांच्याच हाती सोपवलं, चिमूटभर म्हणजे चिमूटभर. चिमूट नीट जमेपर्यंत निम्मं जमिनीवर सांडायचं.

चेऊ त्या वेळी स्वयंपाकघरात असायची. बघायची नाही, पण कान तिकडेच. कढईत पळी जरा जास्तच वेळ फिरत असली की मी समजायचे. नर्स पुढच्या वेळी आली, तेव्हा चेऊने तिला दारातच अडवून काहीतरी सांगितलं. नर्स आत गेली, मुकाट्याने पाय तपासला, रक्तदाब बघितला आणि म्हणाली, "काका, पाणी देता का जरा? माठ तिकडे आहे." आणि पिशवीत काहीतरी शोधत बसली. कांग एन्दिननी तिला पाणी आणून दिलं. निम्मं सांडलं असेल. तिने ग्लास घेतला, "आज उकडतंय फार," म्हणाली आणि प्यायली. पोरीचे डोळे भरून आले होते, पण ते तिने बाहेर येऊन माझ्या दारात पुसले.

गोगलगाई संपल्या का, असं लोक चेऊला विचारतात. संपल्या नाहीत. खाणं आवरलं तशा कमी झाल्या, काकडीने आणखी कमी झाल्या, उरल्यासुरल्या पट्टेवाल्यांच्या वाट्याला आल्या. आता काचेवर इकडे एक, तिकडे दोन दिसतात. पाणी स्वच्छ आहे. कांग एन्दिन पुन्हा गाडी चालवणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे. बोलणं अजून अडखळतं, पण रस्त्याच्या नावांवरून सुरुवात केली की पुढचे शब्द सरळ येतात, हे चेऊने शोधून काढलं. म्हणून भाताला मीठ कमी आहे असं सांगायचं असलं तरी ते आधी "सुकासारी, ताजूर," म्हणून घेतात. नवख्या माणसाला वाटतं, यांना कुठेतरी जायचंय.

ईदला हेरलान बातामहून आला. वडिलांनी दार उघडलं तेव्हा तो उंबऱ्यातच बॅग खाली ठेवून बसला, आणि बराच वेळ त्याला उठताच येईना. कांगनीच त्याला डाव्या हाताने ओढून उभं केलं. संध्याकाळी टँक बघून तो म्हणाला, "बाबा, आता सुट्टी आहे तोवर मी हा सगळा रिकामा करतो. वाळू धुतो, नवी झाडं लावतो. एकही गोगलगाय राहणार नाही."

"नको," कांग म्हणाले.

"का नको?" हे चेऊ आणि हेरलान दोघं एकदम म्हणाले, तेव्हा मला कळलं पोरगा कुणावर गेलाय.

कांग एन्दिन उठले आणि टँकपाशी गेले. पाण्याच्या नळीवर खालच्या बाजूला त्यांनी बोट टेकवलं. आम्ही सगळे वाकलो. नळीवर एका ओळीत बारीक चौकोनी उशा चिकटवल्यासारख्या दिसत होत्या. काचेसारख्या स्वच्छ, आणि प्रत्येकीच्या पोटात एकेकच पिवळा दाणा.

"सुकासारी, ताजूर," त्यांनी सुरुवात केली. "पट्टेवालीची अंडी. एका उशीत... एकच. पहिल्या प्रकारची घालते... ढीगभर, जेलीत. ही... एकेक. जागा... बघून. घाई नाही तिला." ते थांबले, श्वास घेतला. "ही उशी... परवाची. ही... कालची. आज... अजून घातली नाही."

चेऊ जमिनीवर मांडी घालून बसली, काचेला नाक लावलं. "एकच का घालते?" तिने विचारलं.

"ते," कांग म्हणाले, "अजून... बघतोय."